भांडणाची भिंत

ही गोष्ट कुणाला खरी वाटणार नाही, हे आधीच सांगून ठेवतो. वडवणीच्या लोकांना एरवी काहीही खरं वाटतं. माजलगावच्या धरणातले मासे अंधार पडला की उसात चरायला जातात आणि म्हणून गोड लागतात, अशी मागं आवई उठली होती, तर दोघं जण पिशव्या घेऊन एसटीत बसले होते. अशा गावानंसुद्धा जी ऐकून "छे" म्हणत मान हलवली, ती ही गोष्ट. बसा इथं स्टँडासमोर, चहा येईस्तोवर ऐका. पटली तर घ्या, नाही पटली तर चहाबरोबर फुंकून टाका.

तर आपल्या इथं एक शाळा आहे, आणि त्या शाळेतली पोरं भांडून भांडून लिहायला-वाचायला शिकली.

शाळा साधीच. दोन खोल्या, एक व्हरांडा, पुढं अंगण आणि अंगणाभोवती लांबलचक भिंत. तिथं गंगासागर मॅडम बदलून आल्या. मॅडम मूळच्या दिंद्रुडच्या, किराणा दुकानदाराची लेक. दुकानात वाढलेलं माणूस गिऱ्हाइकाला आधी विचारतं, काय पाहिजे म्हणून. मॅडमनी पोरांनाही तेच विचारायला सुरुवात केली. सकाळी पोरं गोल करून बसायची आणि मॅडम म्हणायच्या, "बोला, आज काय घ्यायचं?" कुणी म्हणायचं गोष्ट, कुणी म्हणायचं गणित, कुणी म्हणायचं मुंगळे. ज्याला जे येतं त्यानं ते न येणाऱ्याला शिकवायचं, आणि सगळ्यांचं डोकं चालेनासं झालं तरच मॅडमकडं यायचं. फळ्यापाशी उभं राहून ओरडणं बंद झालं. मॅडम कोपऱ्यात खाली बसायच्या आणि कान उघडे ठेवायच्या.

कान उघडे ठेवले की कानात काय पडतं? तक्रारी. "मॅडम, ह्यानं मला बोचकारलं." "मॅडम, हिनं माझा डबा हुंगला." दिवसभर तेच. शेवटी मॅडमनी अंगणातली भिंत पोरांचा हात पुरेल तिथवर काळी रंगवून घेतली आणि जाहीर केलं, की आजपासून तोंडी तक्रार ऐकली जाणार नाही. ज्याची तक्रार असेल त्यानं भिंतीवर लिहायची. ज्याच्यावर असेल त्यानं ती वाचून खाली उत्तर लिहायचं. आणि मुख्य म्हणजे, भिंतीवरचं कुणी कुणाला वाचून दाखवायचं नाही. अक्षर अडलं तर अक्षर विचारावं, सांगणाऱ्यानं सांगावं. काय लिहिलंय ते मात्र ज्याचं त्यानं वाचायचं.

पहिल्याच दिवशी युवराजनं पप्पूच्या पाठीत धपाटा घातला. पप्पू धावत भिंतीशी गेला, खडू उचलला, आणि तसाच उभा राहिला. त्याला एक अक्षर येत नव्हतं. राग तर असा, की कान लाल झालेले. मग तो चौथीतल्या अंजूकडं गेला आणि म्हणाला, "युवराजमधला यु कसा काढतात ते सांग, लवकर." त्या दिवशी त्याला नुसतं नावच जमलं, पण ते त्यानं एवढ्या त्वेषानं लिहिलं की खडू भिंतीत बोटभर रुतला. ते भोक अजून आहे, कुणीही जाऊन बघावं. युवराजनं उलट जी तक्रार लिहिली ती भिंतीच्या ह्या टोकाला सुरू झाली, कोपऱ्यावर वळली, संडासामागून गेली आणि फाटकापाशी येऊन संपली. मॅडम ती वाचायला सकाळी पाण्याची बाटली घेऊन निघाल्या त्या जेवायच्या सुट्टीला परत आल्या. वडवणीच्या दुकानांतला खडू संपला, दिंद्रुडहून मागवावा लागला. दिवाळी जवळ आली तोवर शाळेत लिहिता-वाचता न येणारं पोर औषधालाही उरलं नाही.

एक सोडून. रहिमाबीची नात, आयशा.

रहिमाबीचा स्टँडासमोर फळांचा गाडा. उन्हाळ्यात टरबूज, पावसाळ्यात पेरू, आणि दिवाळीच्या आधी बालाघाटाच्या डोंगरातली सीताफळं. सगळा जन्म स्टँडासमोर गेला, पण एसटीची पाटी तिला वाचता येत नव्हती. गाडी कुठली, ते ती ड्रायव्हरच्या तोंडावरून ओळखायची. ड्रायव्हर बदलला की तिची पंचाईत व्हायची.

तिचा लेक कलीम माजलगावला मेकॅनिक. त्याला दुसरं लेकरू झालं तेव्हा सून, समिना, आजारी पडली, म्हणून थोरल्या आयशाला दोन महिने दादीकडं ठेवलं होतं. दोन महिन्यांचं वर्ष झालं, वर्षाची वर्षं झाली. पोरगी दादीच्या गाड्याखाली पोत्यावर बसून मोठी झाली आणि रहिमाबीला तिच्याशिवाय घास उतरेनासा झाला.

बकरी ईदला सगळे जमले तेव्हा कलीमनं आयशाच्या हातात पेन्सिल दिली. म्हणाला, "बेटा, तुझं नाव लिहून दाखव." आयशानं जीभ बाहेर काढून खूप वेळ लावून एक सीताफळ काढलं. सालीवरचा एक एक डोळा वेगळा. सगळ्यांनी कौतुक केलं. कलीमनं नाही केलं.

"अम्मी," तो म्हणाला, "पोरगी तिसरीत हाय."

"मग? चित्र किती झकास काढलंय बघ की."

"चित्रावर पोट भरत न्हाई. मी दिवाळीच्या आत येतो. तवर हिला लिहिता-वाचता आलं तर राहू दे चौथीपर्यंत तुझ्याजवळ. न्हाईतर दाखला काढतो आन् माजलगावला घालतो शाळेत."

लेक रागानं बोलला असता तर ती उलट भांडली असती. पण तो हळू बोलला होता आणि बरोबर बोलला होता. आपल्या मायेपायी पोरगी आपल्यासारखीच निघायची, आयुष्यभर गाडीची पाटी लोकांना विचारत बसायची, हे तिच्या मनात त्याच्या आधीपासून होतं. ते दुसऱ्याच्या तोंडून ऐकलं, एवढंच.

दिवाळी जवळ आली. सीताफळांनी भरलेले हारे यायला लागले. एक दिवस गाडा शेजारणीवर सोडून रहिमाबी शाळेत गेली.

"मॅडम, खरं सांगा. माझी पोरगी ढ हाय का?"

"छे हो. सगळ्या गोष्टी तिला पाठ आहेत. कुणी एकदा वाचलं की ही डोळे मिटून म्हणते."

"मग लिहीत कावून न्हाई?"

मॅडमनी तिला भिंतीपाशी नेलं. "ह्या भिंतीवर सगळ्या शाळेची नावं आहेत, रहिमाबी. तुमच्या आयशाचं नाही. तिनं लिहिलेलं नाही, तिच्यावर कुणी लिहिलेलं नाही. कुणी तिचा खडू घेतला तर ती म्हणते, घे. कुणी तिला ढकललं तर विचारते, तुला लागलं का. तिला लिहायची गरजच पडत नाही."

एरवी हे ऐकून रहिमाबीनं मोहल्लाभर सांगितलं असतं. आज तिला त्याचीच धास्ती वाटली.

"मग बसवून चार छड्या द्या की तिला. माझी काही हरकत न्हाई."

"चार छड्यांनी नाव लिहील. पण मग नावच लिहील, दुसरं काही लिहायची नाही. थोडं थांबा. तिची तिला गरज वाटू द्या."

"तुमाला थांबायला काय जातंय, मॅडम? तुमची वाट बघून होईस्तोवर माझी पोरगी माजलगावला गेलेली असंल."

मॅडम बोटांवरचा खडू पुसत राहिल्या.

परत येऊन रहिमाबी गाड्यामागं बसली आणि विचार करायला लागली. पोरीला भांडू नको म्हणून कुणी शिकवलं? तिनंच. बाजारात गाड्याला गाडा खेटलेला असतो. ज्या बाईशी सकाळी भांडायचं तिच्याकडूनच दुपारी सुट्टे मागायचे असतात, तिच्यावरच गाडा टाकून नमाजाला, दवाखान्याला जायचं असतं. म्हणून पोरगी चालायला लागल्यापासून रहिमाबीचं एकच, "भांडायचं न्हाई बेटा, गोड बोलायचं." म्हणजे पोरीची अक्षरं तिनंच अडवून धरली होती.

मग जिनं गाठ मारली तिनंच सोडायची. पोरीला भांडायला लावायचं.

त्या संध्याकाळी तिनं आयशासाठी बाजूला ठेवलेलं सगळ्यात मोठं सीताफळ काढलं आणि तिच्यासमोर बसून एकटीनं खाल्लं. अगदी मिटक्या मारून.

आयशा बघत राहिली. मग म्हणाली, "गोड हाय का, दादी?"

"लई गोड हाय."

"बरं झालं. तू कधी चांगलं खातच न्हाईस. चांगलं सगळं विकतीस."



घरचा उपाय संपला, तशी तिनं बाहेरचा माणूस लावायचं ठरवलं. शाळेत भांडणात पप्पूच्या तोडीचा कुणी नव्हता. दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर तिनं त्याला गाड्यापाशी बोलावलं.

"पप्पू, एक काम हाय."

"सांगा, आजी."

"भांडायचं."

"कुणाशी?"

"माझ्या आयशाशी."

पप्पूनं तिच्याकडं नीट बघितलं. "कावून? काय केलं तिनं?"

"काही करत न्हाई, तेच तर. तू असं भांड की ती चिडली पाहिजे. चिडून भिंतीकडं गेली पाहिजे."

"बिनकारणी भांडणं अवघड असतंय, आजी. मन लागत न्हाई."

"सीताफळ देईन."

"पिकलेलं?"

"पिकलेलं. पर हे तुझ्यामाझ्यात. आन् लागंल असं काही करायचं न्हाई, सांगून ठेवते."

पप्पूनं काम इमानानं केलं, ते कबूल केलंच पाहिजे. त्यानं आयशाची वेणी ओढली. ती मागं वळून म्हणाली, "सुटलीये का? बांध मग नीट." त्यानं तिची एक चप्पल लपवली. तिनं दुसरी आणून त्याच्या हातात दिली, म्हणाली, "एकीचा काय उपयोग? तुझ्या बहिणीला व्हतील दोन्ही." पप्पू दोन्ही चपला घेऊन व्हरांड्यात बसून राहिला आणि शेवटी त्यानंच त्या तिच्या पायापाशी नेऊन ठेवल्या. त्यानं तिला ढकललं, तर तो पडेल म्हणून तिनं त्यालाच धरलं.

आठवडा असा गेला. पप्पू गाड्यापाशी आला तेव्हा त्याचं तोंड उतरलेलं होतं.

"आजी, हे आपल्याच्यानं व्हायचं न्हाई. तुमच्या पोरीशी भांडणं म्हंजे तळ्यात दगड मारणं. नुस्तं डुबुक व्हतंय."

"राहू दे मग," रहिमाबी म्हणाली. नुकताच कलीमचा फोन आला होता, शनिवारी येतो म्हणून.

"राहू दे कसं? मेहनत तर केली ना मी."

आता इथं जे झालं, ते सीताफळं विकणारी दुसरी कुठलीही बाई कधी करणार नाही. सीताफळवाली गिऱ्हाइकाला आधी विचारते, आज खायचं का उद्या? आज म्हटलं तर बोटानं दबणारं देते, उद्या म्हटलं तर डोळे उघडलेलं पण टणक असं देते, रात्रीतून गवतात पिकतं. रहिमाबीनं न विचारता आयुष्यात कुणाला सीताफळ दिलेलं नव्हतं. पण त्या दिवशी तिचा जीव माजलगावच्या रस्त्यावर होता. तिनं हाताला लागलं ते उचललं आणि पप्पूच्या हातात ठेवलं. निघालं ते परवा पिकणारं.

पप्पूनं ते घरी नेऊन फोडायला घेतलं. फुटेना. दगडावर आपटलं, तर दगडाला चीर गेली, असं तो सांगतो. आत पांढरं गच्च, चवीला पालापाचोळा. दुसऱ्या कुणाचं पोर असतं तर गाड्यापाशी येऊन रडलं असतं. पण पप्पूला आता तोंडी तक्रारीची सवयच राहिली नव्हती. तो शुक्रवारी शाळा भरायच्या आत भिंतीपाशी गेला आणि त्यानं मोठ्या अक्षरांत लिहिलं:

"आयशाच्या दादीनं मला कच्चं सीताफळ दिलं. ठरलं होतं पिकलेलं. मी आयशाशी आठवडाभर भांडलो. आता आयशाच्या दादीनं उत्तर द्यावं."

शाळा भरली. पोरं वाचायला लागली. एकानं वाचलं आणि तो हसला, दुसऱ्यानं वाचलं आणि त्यानं आयशाकडं बघितलं. थोड्या वेळानं सगळी शाळा आयशाकडं बघत होती.

पुढचं रहिमाबीला नंतर अंजूनं सांगितलं. आयशा भिंतीपाशी आली आणि म्हणाली, "काय लिहिलंय?" अंजूनं तोंड उघडलं आणि मिटलं. सांगायचं नाही, असं ठरलेलं. आयशानं ह्याला विचारलं, त्याला विचारलं. सगळे मुके. गंगासागर मॅडम दारात आल्या होत्या. त्यांनी एक पाय उंबऱ्याबाहेर टाकला, मग तो परत आत घेतला आणि दाराची कड धरून उभ्या राहिल्या.

आयशा भिंतीसमोर मांडी घालून बसली.

"हे पहिलं काय?" तिनं विचारलं.

"आ," अंजू म्हणाली. अक्षर सांगायला परवानगी होती.

"हे?"

"य."

"आणि हे?"

"शा."

आपलं नाव आयशानं शंभर वेळा पाहिलं असेल. ते आपल्याला हाक मारतं, हे तिला आज कळलं. मग ती थांबली नाही. एक अक्षर अंजूला विचारायची, एक युवराजला, एक पहिलीतल्या शेंबड्या पोराला. अर्धी अक्षरं तिची तिलाच येत होती, न मागता येऊन डोळ्यांत बसली होती. जेवायची सुट्टी झाली, ती उठली नाही. सगळी शाळा डबे घेऊन तिच्याभोवती जेवली. दुपारी केव्हातरी तिनं मागं वळून पप्पूला विचारलं, "माझी वेणी दादीनं ओढायला लावली?"

पप्पूनं खाली बघत मान हलवली.

संध्याकाळी आयशा घरी आली ती दप्तर फेकून भिंतीकडं तोंड करून बसली.

"काय झालं, बेटा?"

आयशानं गुडघे पोटाशी ओढले.

"भूक लागली का? पोळी देऊ?"

"मी तुझ्याशी बोलत न्हाई. भिंतीवर वाच."

"मला कुठं येतं वाचायला?"

"मग शीक."

रहिमाबी चुलीपाशी तशीच बसली. पोरगी जन्मात पहिल्यांदा रुसली होती आणि रुसली ती आपल्यावरच. भिंतीवर काय आहे ते तिनं खरंच वाचलं, का कुणी कान भरले, हेही कळायला मार्ग नव्हता. तिला विचारायची हिंमत झाली नाही. आणि उजाडलं की शनिवार.

शनिवारी सकाळची शाळा. कलीम मोटारसायकलवर आला. हँडलला नवं कोरं दप्तर लटकत होतं, त्याचं प्लास्टिकसुद्धा काढलेलं नव्हतं. रहिमाबीला ते दप्तर बघवेना. आयशा आधीच शाळेत गेली होती, कुणाशी न बोलता. कलीमनं दप्तर खांद्याला अडकवलं आणि मायलेक चालत फाटकापाशी आले.

"ही भिंत कुणी खराब केली, अम्मी?" कलीम थबकून म्हणाला. मग तो पप्पूची तक्रार वाचायला लागला आणि मोठ्यानं हसला. "तू पोराला कच्चं सीताफळ दिलंस? तू?"

रहिमाबीचे कान तापले. पण कलीमची नजर खाली गेली होती. खाली दुसरी अक्षरं होती, पप्पूपेक्षा मोठी, एक ह्या बाजूला कललेलं तर दुसरं त्या बाजूला. तो मोठ्यानं वाचायला लागला.

"माझी दादी वाईट वागली. तिनं पप्पूला सीताफळ दिलं, माझी वेणी ओढायला. मला खूप राग आलाय. दादीनं उत्तर द्यावं." तो थांबला. "हे कुणी लिहिलंय?"

तोवर पोरं जमली होती. "आयशानं," पप्पू म्हणाला. "आज सकाळी."

"कुणी सांगितलं तिला लिहायला?"

"कुणी न्हाई. तिला राग आलता."

कलीम पुढं वाचायला लागला, पण आता मनात. त्याचे ओठ हलत होते. ओठ हलायचे थांबले तरी त्याची नजर भिंतीवरून निघेना.

"काय लिहिलंय रे पुढं?" रहिमाबीनं विचारलं. त्यानं ऐकलंच नाही.

आयशा घोळक्यातून पुढं आली. तिनं बापाच्या हातात खडू ठेवला.

"उत्तर लिहायचं असतंय, अब्बा."

"तोंडानं सांगतो की, बेटा."

"तोंडानं चालत न्हाई इथं."

"चालत न्हाई," सगळी पोरं एका सुरात म्हणाली.

नुसत्या आवाजावरून इंजिनाचं दुखणं ओळखणारा माणूस, त्यानं तो खडू पान्यासारखा मुठीत धरला. मग गुडघे टेकून त्यानं एक ओळ लिहिली. आयशानं ती वाचली, त्याच्या हातातून खडू घेतला आणि खाली लिहिलं. त्यानं परत घेतला. मग परत तिनं. पोरं मान लांब करून वाचत होती, कुणी हसत होतं, अंजूनं मध्येच डोळे पुसले.

त्या सगळ्या अंगणात काय चाललंय ते एकट्या रहिमाबीला कळत नव्हतं. तिची नात राहणार का जाणार, ते तिच्या डोळ्यांदेखत पांढऱ्यावर काळं, नाही, काळ्यावर पांढरं होत होतं आणि तिला फक्त लेकाची मान दिसत होती. ती मान कधी ताठ व्हायची, कधी खाली जायची. लहानपणी मार खाताना व्हायची तशी. रहिमाबी खालीच बसली.

"पप्पू," तिनं हळूच विचारलं, "काय लिहितात रे?"

"सांगायचं न्हाई, आजी. वाचायचं असतंय."

"अरे माझा जीव चाललाय हितं."

पप्पूनं मॅडमकडं बघितलं. मॅडम दुसरीकडं बघत होत्या, जरा जास्तच लक्ष देऊन. तो रहिमाबीच्या कानाशी वाकला. "पिकलेलं द्याल?"

"दोन देते. बोटानं दबणारी."

"राहिली."

"काय?"

"आयशा राहिली. तुमच्याकडं."

रहिमाबीनं दोन्ही हात जमिनीवर टेकले. तिनं पप्पूला जवळ ओढलं आणि त्याच्या डोक्याचा मुका घेतला. पप्पूनं तो लगेच पुसून टाकला.

भिंतीवर होतं ते असं. आयशानं तक्रारीच्या खाली लिहिलं होतं, "अब्बा मला माजलगावला नेणार हायत. मला कुणी विचारलं न्हाई. दादीला पण न्हाई. अब्बानं उत्तर द्यावं." कलीमनं लिहिलं, "बरं. आता विचारतो. तुला काय वाटतं?" तिनं लिहिलं, "चौथी इथं. मग बघू." त्यानं लिहिलं, "तुझ्या अम्मीला तुझी आठवण येते. मला पण." त्यावर तिनं लिहिलं, "सुट्टीत येते. छोट्याला वाचायला शिकवते. तुमी त्याला मारून शिकवू नका." त्याच्या खाली कलीमनं नुसतं "बरं" लिहिलं होतं, आणि तो शब्द सगळ्या भिंतीत वाकडा आला होता.

तो उठला, गुडघे झाडले, बाहीनं तोंड पुसलं.

"मी दाखल्याला आलतो, मॅडम," तो म्हणाला.

"मग?" गंगासागर मॅडमनी विचारलं.

"मग काही न्हाई. जरा पाणी मिळंल का?"

तो तांब्याभर पाणी उभ्यानं प्यायला. त्यानं नव्या दप्तराचं प्लास्टिक दातानं फाडून दप्तर आयशाच्या पाठीवर चढवलं आणि पट्टे तिच्या मापाला ओढून दिले. मॅडम खोलीत गेल्या त्या बराच वेळ बाहेर आल्याच नाहीत. आत त्यांनी कपाटाला टेकून डोळे मिटले होते, असं अंजूनं खिडकीतून बघितलं.

आता राहिलं होतं रहिमाबीचं उत्तर. दोन तक्रारी तिच्या नावावर उभ्या होत्या आणि त्या शाळेत उत्तर दिल्याशिवाय कुणाची सुटका नाही, म्हातारं माणूस असो की कुणी असो. आयशानं खडू पुढं धरला. सगळी शाळा बघतेय, लेक बघतोय. आणि काय सांगू, रहिमाबी उठली, पदर खोचला, बिस्मिल्ला म्हणून तिनं तो खडू घेतला, आणि जिनं जन्मात अक्षर गिरवलं नव्हतं त्या बाईनं मोत्याच्या दाण्यासारख्या अक्षरात सरसर लिहायला सुरुवात केली, की माझं चुकलं, बेटा, तुझी दादी म्हातारी झाली, तिला माफ कर. लिहिता लिहिता हात थांबेना, भिंत संपली, ती रस्त्यावर आली, स्टँडाच्या भिंतीवर लिहिलं, उभ्या एसटीवर लिहिलं, आणि मॅडमनी तिथल्या तिथं तिच्या हातात चौथी पास झाल्याचं...

"खोटं," पलीकडच्या गाड्यामागून आवाज आला. रहिमाबी सीताफळांवरच्या माशा वारत होती. तिनं माझ्याकडं वर बघितलंसुद्धा नाही. "मी नुस्तं तोंडानं सांगितलं, लिहिलं सगळं आयशानं. आन् माझं चुकलं असं तर मी म्हणलेच नव्हते, चाचा. ते तिनं तिच्या मनानं घातलं."